खालचा दोरा

९ मार्च

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या मनातल्या मनात.)

सोबतचं पार्सल तू पत्राआधीच फोडशील हे मला माहीत आहे, म्हणून त्याला मुद्दाम भरपूर चिकटपट्टी लावली आहे. कातरीने काप, दातांनी नको. त्या दाढेवरचं माझं काम अजून ताजं आहे.

वहिनी, पुस्तक आलं! 'कमानीखालचं पाणी', दीर्घकाव्य, अकरा सर्ग. मुखपृष्ठावर माझं नाव दवाखान्याच्या पाटीपेक्षा मोठं आहे. काल दिवसभर मी लोकांच्या तोंडात आरसा घालून स्वतःशीच हसत होते. शेवटी एका आजोबांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई, माझ्या तोंडात एवढं गमतीचं काय दिसतंय?" त्यांना मी पुस्तकच दाखवलं. तोवर त्यांच्या तोंडात कापूस घालून झाला होता, त्यामुळे बिचाऱ्यांना काही बोलता आलं नाही.

गोष्ट तर तुझीच. पण प्रस्तावनेत मी दोन्ही गोष्टी समोरासमोर ठेवल्या आहेत. जगाला ठाऊक असलेली एक: नदीवर पूल बांधून दिलास तर मुलगी देईन, असं किल्लेदार त्या पाथरवटाला सांगतो, पूल होतो आणि किल्लेदार शब्द फिरवतो. पूल मधोमध तोडायला लावतो, मुलीला बुरुजात कोंडतो, दुसरीकडे लग्न ठरवतो. लग्नाच्या आदल्या दिवशी ती बुरुजावरून पाण्यात उडी घेते, तिच्यामागे तो. संपलं. मध्ययुगापासून लोक नदीच्या दोन काठांवरच्या त्या दोन अर्ध्या कमानी बघून हळहळतात आणि घरी जातात.

आणि दुसरी आपल्या घरातली. त्यात ती उडी मारत नाही. मापाला आणलेला लग्नाचा झगा ती शिवणीशिवणीने उसवते, त्या पट्ट्यांची दोरी करते आणि बुरुजावरून आपल्या पायांनी खाली उतरते. तू मशीनवर बसून सांगायचीस आणि मी खाली चिंध्यांच्या ढिगात लोळत ऐकायचे. मी प्रस्तावनेत लिहिलंय, "ही कथा आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मी फक्त तिला शब्द दिले." हे वाक्य लिहिताना माझी छाती अशी फुगली होती म्हणून सांगू! दुसऱ्या कुणाकडे ही गोष्ट नाही, वहिनी. फक्त आपल्याकडे.

एक काम आहे. तुला ती कुणी सांगितली? तुझ्या आजीने की आणखी कुणी? पुढच्या आवृत्तीत त्या बाईंचा उल्लेख करायचा आहे. फोनवर विचारलं असतं, पण आपलं ठरलेलं आहे: ताप-खोकला फोनवर, मनातलं पत्रात. मी वसतिगृहात गेले तेव्हापासूनचा नियम मी कशाला मोडू?

दादाला नमस्कार. पुस्तक त्याला वाचायला लाव, निदान धरायला तरी.

तुझी,
भिंगरी


२ एप्रिल

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. उशीर झाला, रागावू नकोस. शाळा उघडायच्या आधी गणवेशांची गर्दी असते आणि यंदा दोन शाळांनी रंग बदलला आहे. गुडघ्यापर्यंत निळं कापड आहे.

पुस्तक मिळालं. दातांनी उघडलं नाही, शपथ. पहिल्यांदा मी ते कटिंगच्या टेबलावर मधोमध ठेवलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं की यावर कापड ठेवायचं नाही. माप द्यायला आलेली एक बाई म्हणाली, "कुणाचं हो पुस्तक?" मी म्हटलं, "माझ्या नणंदेचं. मी वाढवलंय तिला." तिने किंमत विचारली तर मी म्हटलं, पैसे नकोत, पण हात धुऊन ये. टेप तिच्या कमरेला तसाच लटकत होता. ती खरंच हात धुऊन आली आणि उभ्याउभ्या अख्खा एक सर्ग वाचून गेली. ब्लाऊजचं माप मात्र चुकलं.

तुझ्या दादाने पुस्तक उलटंसुलटं केलं, मागचा फोटो पाहिला आणि म्हणाला, "केस विंचरले असते तर काय बिघडलं असतं?" मग डेपोत घेऊन गेला. सगळ्या मेकॅनिक लोकांना दाखवून आणलं. आता पान एकवर ग्रीसचा अंगठा उमटला आहे. मी ओरडले तर म्हणतो, सही आहे माझी, कवयित्रीच्या भावाची.

मी दहा सर्गांपर्यंत आले आहे. किल्लेदार झकास उतरलाय, आमच्या जुन्या घरमालकासारखा बोलतो. सातवा सर्ग, झग्याचा, मी दोनदा वाचला. एकदा दुकानात, तोंडात टाचण्या धरून, आणि एकदा आत जाऊन, दार लावून. या ओळी मला पाठ झाल्या:

खालचा दोरा तिने बोटाला गुंडाळला,
हलकेच ओढला;
शिवणीने वाट दिली,
जसं दार देतं घरच्या माणसाला.

काय वाटलं ते भेटीत सांगेन.

गोष्ट कुणी सांगितली ते आता राहू दे गं. जुनी माणसं गेली, त्यांना कशाला उठवायचं? पुढच्या आवृत्तीतही काही घालू नकोस. आहे ते छान आहे.

कमरेला शेक घे. खुर्चीत वाकून लोकांचे दात बघतेस, मग कविता लिहायला पुन्हा वाकतेस. एका कमरेने किती करायचं?

तुझी,
वहिनी


२० एप्रिल

ती. वहिनीस,

नमस्कार वगैरे सगळं आहेच. आज मी संतापलेली आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

मासिकात परीक्षण आलंय. लिहिणाऱ्या प्राध्यापकबाई म्हणजे जुन्या कथांच्या अभ्यासातलं मोठं प्रस्थ. सुरुवातीला कौतुक आहे, शेवटच्या सर्गाचं तर फारच. म्हणतात, असा शेवट त्यांनी कुठल्याही भाषेत वाचलेला नाही. मी खूश होऊन पान उलटलं आणि पुढे हे:

"झग्याची दोरी एकाही जुन्या पोथीत नाही. कवयित्री म्हणतात, ती त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पण सातव्या सर्गातली शिवण पाहा. एक दोरा वर, एक दोरा खाली, खालचा ओढला की शिवण सुटते. हाताची शिवण अशी नसते. ही शिवणयंत्राची शिवण आहे आणि त्या काळात शिवणयंत्र नव्हतं. तेव्हा ही कथा घरात चालत आलेली नसून कवयित्रींनी स्वतः रचलेली आहे. रचण्यात गैर काही नाही. ती परंपरेच्या नावावर खपवणं गैर आहे."

खपवणं! वहिनी, मी दात काढते, थापा मारत नाही. दाढ दुखणार असेल तर दुखेल म्हणून सांगते, म्हणून तर माझ्याकडे लोक येतात. आणि मला छापून लबाड म्हटलंय. दवाखान्यात येणारे दोघे वकील ते मासिक वाचतात. काल त्यांतला एक मोठ्ठा आ करून माझ्याकडे असा काही बघत होता की जणू मी त्याच्या तोंडातलं सोनं चोरणार आहे.

साहित्य मंडळाने पुस्तकावर चर्चा ठेवली आहे, जूनच्या पहिल्या रविवारी. त्या बाई येणार आहेत. मीही जाणार आहे, आणि एकटी नाही. तुला घेऊन जाणार आहे. तू व्यासपीठावर बस आणि दोनच वाक्यं बोल: मला ही गोष्ट माझ्या आजीने सांगितली, आजीला तिच्या आजीने. शिवणीचा तपशील सांगताना तुझ्याकडून बदलला असेल, तेवढं म्हण. बास. नंतर त्यांचं तोंड बघण्यासारखं होईल. तुझं ते निळं कापड दोन दिवस थांबेल. तिकीट मी काढते.

वहिनी, माझ्याकडे या गोष्टीशिवाय अभिमानाचं दुसरं काही नाही. लोकांच्या घरात जुनी भांडी असतात, तलवारी असतात. आपल्या घरात ही गोष्ट आहे. ती कुणी खोटी म्हणावी हे मी ऐकून घेणार नाही.

ताबडतोब लिही.

भिंगरी


२६ एप्रिल

चि. भिंगरी,

मी येणार नाही. निळ्या कापडामुळे नाही.

माझ्या आजीने मला ही गोष्ट सांगितली नाही. आजीला गोष्टी येतच नव्हत्या, ती नुसती रागवायची. मला कुणीच सांगितली नाही. ती मी रचली.

नीट बस आणि वाच. मी लग्न होऊन आले तेव्हा तू पहिलीत होतीस. तुमची आई जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. घरात कुणी तिचं नाव काढत नसे. तुझा दादा कामावर जाई, मामंजी खिडकीत बसत, आणि तू माझ्या मशीनखाली. एकदा शाळेतून वाचनाचं पुस्तक घेऊन आलीस. त्यात हा धडा होता, चित्रासकट. बुरूज, पाणी, हवेत केस उडालेली मुलगी. तू मला विचारलंस, "आईपण अशीच उडी मारून गेली का? मला सोडून?"

तिला ताप आला होता गं. पण तुला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मी काल आलेली सून. मी काय सांगणार? मी एवढंच म्हटलं, "पुस्तकात चुकीचं छापलंय. तिने उडी मारलीच नाही. आमच्याकडे खरी गोष्ट सांगतात." तू म्हणालीस, मग काय केलं? आता आली का पंचाईत! माझ्या हातात एका कोटाचं कच्चं अस्तर होतं. मापापुरतं शिवायचं असलं की मी टाका लांब घेते आणि वरचा दोरा सैल सोडते, म्हणजे नंतर खालचा दोरा ओढला की सगळी शिवण एका दमात सुटते. मी ते उसवतच होते. म्हटलं, "तिने झगा उसवला. असा." आणि तुझ्यासमोर दोरा ओढला. तू टाळ्या वाजवल्यास.

दुसऱ्या दिवशी तू ती गोष्ट पुन्हा मागितलीस. तिसऱ्या दिवशीही. दोरीच्या गाठी, झग्याची किनार, पहारेकऱ्याचं शिंकणं, सगळं मी मशीन चालवता चालवता घातलं. शिंका तुला फार आवडायच्या.

म्हणजे त्या प्राध्यापकबाईंचं म्हणणं बरोबर आहे. ती मशीनचीच शिवण आहे. हुशार बाई दिसते, ओळख झाली तर मला आवडेल.

तुला वाटेल वहिनी आता माफी मागेल. मी मागणार नाही. मला त्या गोष्टीची लाज नाही, मला तिचा अभिमान आहे. मी सातवी शिकलेली बाई. आयुष्यात लोकांच्या मापाचं शिवलं, माझ्या मनाचं असं एकच काही केलं, आणि त्याने एक पोर रडायची थांबली. मार्चमध्ये तू विचारलंस तेव्हा मी टाळलं, कारण तुझी छाती फुगलेली होती आणि मला टाचणी लावायची नव्हती. पण मलाही लागलं, भिंगरी. तुझी प्रस्तावना मी तीनदा वाचली. त्यात पिढ्या आहेत, परंपरा आहे, घर आहे. मी कुठेच नाही.

व्यासपीठावर बसून माझी गोष्ट मेलेल्या आजीच्या नावावर करू म्हणतेस? ते व्हायचं नाही.

वहिनी


१५ मे

भिंगरी,

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. थोडक्यात लिहितो.

तुझी वहिनी दिवसातून चारदा पत्रपेटी उघडते. पोस्टमन एकदाच येतो. काल तिने एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाईक हसत होतं, ती हसली नाही. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली गाडीचं इंजिन बघ.

मग मला सगळं सांगितलं. मला ती गोष्ट तिची आहे हे पहिल्यापासून माहीत होतं. मी शेजारच्या खोलीतच असायचो की. मला वाटलं तुलाही माहीत असेल. शिंकणारा पहारेकरी कुठल्या जुन्या गोष्टीत असतो?

काय ते लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल. गप्प बसू नकोस.

दादा


२३ मे

ती. वहिनीस,

शिव्या घालायला तोंड कुठे आहे? तीन आठवडे लिहायला बसते आणि उठते.

आधी रागावले होते, खोटं कशाला बोलू. वाटलं, इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, आणि त्या मशीनखालच्या मुलीचं वाचून दवाखाना लवकर बंद केला. मला तो प्रश्न विचारल्याचं आठवत नाही. दोरा ओढलेला तेवढा आठवतो. सरसर आवाज आणि हातात आलेलं नुसतं कापड.

तुला प्रस्तावनेत कुठेच आणलं नाही, याचं मला फार वाईट वाटतंय. मी 'घरात' असं लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तूच होतीस. पण वाचणाऱ्याला माझे डोळे थोडेच दिसतात?

आता माझं ऐक. मी ठरवलंय. प्रकाशकांशी बोलले आहे. उरलेल्या प्रती बाजारातून मागे घ्यायच्या. पुन्हा छापायचं असेल तर तुझ्या नावाने, माझं नाव आत कुठेतरी बारीक अक्षरात, 'शब्दांकन' म्हणून. चर्चेला मी जाणार आहे आणि उभी राहून हेच सांगणार आहे. कविता माझी नाही. त्या बाईंना म्हणेन, तुम्ही म्हणता तशी मी लबाड नाही, पण कवयित्रीही नाही. मी एक दातांची डॉक्टर आहे आणि लहानपणी ऐकलेलं मी उतरवून काढलं. गोष्ट तुझी, दोरी तुझी, शिंकणारा पहारेकरीसुद्धा तुझा. मग माझं काय उरलं? यमकं?

हे मी रुसून लिहीत नाही. म्हणजे थोडं रुसूनच लिहितेय. पण खरंही आहे. दुसऱ्याच्या जिवावर मी मान वर करून फिरत होते. यापुढे लिहिणार नाही. टेबलावरचे कागद आवरून ठेवले. दात काढायचं काम चोख येतं, तेवढं करावं.

कंबर बरी आहे.

भिंगरी


२८ मे

भिंगरी,

आशीर्वाद नंतर. आधी रागावते.

अगं, शहाणी आहेस की काय? मी माझा वाटा मागितला तर तू अख्खं ताटच माझ्यापुढे सरकवून उठून चाललीस! लहानपणीही हेच करायचीस. पत्त्यांत एक डाव गेला की पत्ते भिरकवायचीस. प्रकाशकांना सांग की एकही प्रत मागे घ्यायची नाही. नाही सांगितलंस तर मी फोन करेन, आणि माझा फोनवरचा आवाज तुला माहीत आहे.

आता दुसरं. हे मी कधी कुणाला बोलले नाही, तुझ्या दादालाही नाही.

तू म्हणतेस गोष्ट माझी. कुठपर्यंत माझी, ते तुला ठाऊक नाही, कारण तू झोपायचीस. रोज. ती मुलगी दोरीला धरून खाली सरकायला लागली की तुझे डोळे मिटायचे. तिचे पाय जमिनीला लागले की तू गाढ. मग मी मशीन थांबवायचे आणि तुला उचलून आत न्यायचे. त्यापुढची गोष्ट मी कधी रचलीच नाही, भिंगरी. ऐकायला कुणी नव्हतं.

तू मोठी झालीस, शिकायला गेलीस, गोष्ट मागायची थांबलीस. आणि माझ्या डोक्यात ती पोर तशीच बुरुजाखाली उभी राहिली. पूल तुटलेला, वर बाप, खाली पाणी, अंगावर झगासुद्धा नाही. मी कितीदा विचार केला की आता हिने जायचं कुठे? काजं करताना, बटणं लावताना, दुपारी पाठ टेकली की. मला सुचायचं नाही. उडी मारू नकोस एवढं मी तिला सांगू शकले. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मलाच कुठे माहीत होतं तेव्हा? आईविना पोर, अबोल सासरा, कामात बुडालेला नवरा, अशा घरात मी नुकती उतरले होते.

म्हणून अकरावा सर्ग मी इतके दिवस उघडला नव्हता. गणवेशांचं निमित्त होतं. खरं तर धाकधूक होती की तू तिला शेवटी मारलंस तर? तुझं पत्र आलं आणि मी रागाच्या भरात दुकान अर्ध्यावर टाकून आत गेले आणि तो वाचला.

ती नदीवर जाते. पलीकडे तो पाथरवट आहे. मधे पूल नाही. आणि ती पहिला दगड उचलते! ज्या मुलीने कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही ती दगड उचलते, वाकडातिकडा लावते, तो पडतो, पुन्हा लावते. तो पलीकडून, ती अलीकडून. दोघांचे केस पांढरे होतात, कमानी पुऱ्या होत नाहीत, आणि तरी ती म्हणते:

त्याच्या हातोड्याचा आवाज येतो तोवर
मला अंतर मोजायचं नाही.
एक दगड माझा, एक त्याचा.
मधे पाणी आहे, असू दे.

म्हणजे त्या दोन अर्ध्या कमानी पाडलेल्या नाहीत, बांधत आणलेल्या आहेत. हे मला शंभर वर्षांत सुचलं नसतं. मी इतकी रडले की तुझा दादा धावत आला, त्याला वाटलं सुई बोटात गेली. मी त्याला वाचून दाखवलं. तो ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "हे तर आपल्या भिंगरीचं आहे." त्याला कवितेतलं काही कळत नाही, पण तुझा आवाज ओळखतो.

मी तिला खाली उतरवलं. तू तिला चालवलंस. आता सांग, काय उरलं तुझं?

रविवारी जा. खरं ते सांग, सगळं सांग, माझा वाटा मला दे आणि तुझा तुझ्याकडे ठेव. मान खाली घालून जाऊ नकोस, मी वाढवलेल्या मुलीला ते शोभत नाही. मी येऊ शकत नाही, शाळा सोमवारी उघडतेय आणि काजं बाकी आहेत. आणि केस विंचरून जा.

आता आशीर्वाद. अनेक.

वहिनी


१२ जून

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. खरोखरचा. जमिनीवर कपाळ टेकवलं, उठताना कपाट धरावं लागलं.

फोनवर तुला नुसतं 'छान झालं' म्हटलं, कारण बाकीचं पत्रातलं होतं.

केस विंचरले होते. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत ते दोघे वकील, तोंड मिटून. प्राध्यापकबाई म्हणजे छोटीशी, जाड चष्म्याची बाई, हातात माझं पुस्तक आणि त्यात कागदाच्या ढीगभर खुणा. मी उभी राहिले आणि प्रस्तावनेतलं ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग म्हटलं, हे वाक्य चुकीचं आहे, आणि बाईंनी ते पकडलं म्हणून त्यांचे आभार. पण त्यांचाही एक अंदाज चुकला. ही गोष्ट मी रचलेली नाही. ती माझ्या वहिनीने रचली, मशीनवर बसून, माझ्यासाठी. आणि मग मी सगळं सांगितलं. मशीनखालची जागा, धड्यातलं चित्र, मी विचारलेला तो प्रश्न, कोटाचं अस्तर. माझा आवाज एकदाच बसला. कुठे ते तुला माहीत आहे.

 मग मी म्हटलं, दोरीपर्यंत ती आहे, दोरीनंतर मी आहे, आणि अकरावा सर्ग पूर्ण वाचला. पाठ होता. पुस्तक उघडलंच नाही.

वाचून झाल्यावर प्राध्यापकबाई उठल्या. मला वाटलं, आता पुन्हा खरडपट्टी. त्या म्हणाल्या, "मी परीक्षणात 'खपवणं' हा शब्द वापरला. तो मी मागे घेते. आयुष्यभर मी जुन्या पोथ्यांत एकच शोधत आले, की पहिल्यांदा ही गोष्ट कुणी बदलली, कुठल्या घरात, कशासाठी. ते कधीच सापडत नाही. आज पहिल्यांदा सापडलं." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "ही परंपरा आता कुठे भेटेल?"

मी म्हटलं, "बाई, परंपरा आत्ता शाळेच्या गणवेशांना काजं करतेय. उद्या शाळा उघडतात."

वहिनी, सभागृह उठून उभं राहिलं. बाई सगळ्यांत आधी. एवढ्या टाळ्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. मी मान वर करून उभी होते, अगदी तू सांगितलंस तशी, आणि लाज म्हणून वाटली नाही. दोघींच्या वाट्याच्या टाळ्या होत्या, एकटीने ऐकायला जरा जड गेल्या, एवढंच.

नव्या आवृत्तीची प्रस्तावना सोबत पाठवतेय. त्यात पिढ्या नाहीत. पहिल्याच ओळीत तू आहेस, नावानिशी, आणि तुझा धंदाही लिहिलाय. सातव्या सर्गातली शिवण मी बदललेली नाही. बाई म्हणाल्या, तळटीप द्या. दिली आहे: 'हे शिवणयंत्र माझ्या वहिनीचं आहे.' त्या तुला भेटायला येणार म्हणताहेत. माप द्यायच्या निमित्ताने येतील, ओळखून घे.

आणि आणखी एक. कागद पुन्हा टेबलावर आले आहेत. परवा दुपारी एक पेशंट आला नाही, तेवढ्यात चार ओळी झाल्या. कुणाकडून ऐकलेल्या नाहीत. नवी गोष्ट आहे, एका बाईची, ती एका परक्या घरात येते आणि तिथे कुणी बोलत नसतं. पुढे काय होतं ते मलाही अजून ठाऊक नाही.

पावसाळ्यात दवाखाना चार दिवस बंद ठेवून मी तिकडे येतेय. यावेळी मशीनवर तू बसू नकोस. खाली चिंध्यांत आडवी हो, गोष्ट मी सांगते. मधेच झोप लागली तर खुशाल झोप. पुढचं मी रचून ठेवीन.

तुझी,
भिंगरी